रात्रीची वीज आणि शेतकऱ्याची झोप

आपल्या मासिकात बियाण्यांविषयी, खतांविषयी, बाजारभावांविषयी आणि कर्जाच्या व्याजाविषयी वारंवार लेख येतात, व ते येणे योग्यच आहे. परंतु ज्या देहाच्या बळावर ही सर्व शेती उभी आहे, त्या देहाविषयी आपण फारसे लिहीत नाही. बैलाच्या खांद्यावर आलेली सूज ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याच शेतकऱ्यास स्वतःच्या तांबारलेल्या डोळ्यांची दखल घेण्यास फुरसत नसते. प्रस्तुत लेखात आम्ही शेतकऱ्याच्या झोपेचा विचार करणार आहोत. विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. तथापि ओलीताच्या हंगामात गावोगाव या झोपेची जी दशा होते ती पाहता, हा विषय घरापुरता न राहता सभेत मांडण्याजोगा झाला आहे, असे आमचे मत आहे.

मोटेचे दिवस ज्यांनी पाहिले ते वृद्ध लोक अद्याप गावात आहेत. तांबडे फुटताच मोट जुंपावी, ऊन चढले की बैल सोडावेत, त्यांस वैरणपाणी द्यावे, आणि उन्हे कलल्यावर पुन्हा जुंपावे, असा तो क्रम असे. विहिरीवरच्या धावेवर बैल जितके चालतील तितकेच पाणी निघे. नाडा तुटे, सोंदूर झिजे, माणसाचे व जनावराचे हाड हाड दुखे. त्या कष्टांचे गोडवे गाण्याची आमची मुळीच इच्छा नाही. एक गोष्ट मात्र खरी, की त्या कामाचे वेळापत्रक सूर्याच्या हाती होते. बैलास रात्री विसावा लागतो हे सर्वांस मान्य होते, आणि बैल विसावला म्हणजे त्याच्या मागे चालणारा माणूसही आपोआप विसावत असे.

पुढे विजेचा पंप आला. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दशकांत तारा खेड्यापाड्यांत पोहोचल्या. महसुली दप्तरात ज्या जमिनीपुढे मोटस्थळ असे लिहिले जाई, तिच्यापुढे विद्युत् पंपाची नोंद होऊ लागली. ह्या सुधारणेने कोरडवाहू शेतकऱ्यास गहू, हरभरा, मिरची, भाजीपाला आणि संत्रा दिला. बैलाची व माणसाची पाठ वाचवली. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु ह्याच सुधारणेने कामाचे वेळापत्रक सूर्याच्या हातून काढून तारेच्या हाती दिले. पिकाच्या पत्रकात ओलीताचे साधन नोंदवण्यास रकाना आहे. ते ओलीत कोणत्या प्रहरी झाले व त्यासाठी कोण जागले, हे नोंदवण्यास रकाना नाही. म्हणूनच हा प्रश्न कागदावर कधी चढला नाही.

शेतीच्या वाहिन्यांना थ्री फेज वीज आळीपाळीने द्यावयाची, दिवसा दिल्यास आठ तास व रात्री दिल्यास दहा तास, असा रिवाज आपल्या राज्यात बरीच वर्षे चालत आला आहे. जेथे सौर वाहिन्या सुरू झाल्या तेथे दिवसा वीज मिळू लागली आहे. जेथे त्या पोहोचल्या नाहीत तेथे रात्रीची पाळी सुटलेली नाही. ह्या रिवाजामागे कोणाचा दुष्टावा आहे असे समजण्याचे कारण नाही. औष्णिक केंद्राची भट्टी चुलीप्रमाणे सायंकाळी पेटवून सकाळी विझवता येत नाही. ती रात्रंदिवस धगधगत ठेवावी लागते. दिवसा व सायंकाळी कारखाने, कचेऱ्या, दुकाने आणि शहरांतील घरे विजेची मागणी करतात. मध्यरात्रीनंतर ही मागणी उतरते आणि वीज शिल्लक राहते. ती शिल्लक शेतीच्या वाट्यास येते.

आम्ही नागपुरातील नंदनवन वस्तीत राहतो. नाव इंद्राच्या बागेचे असले तरी येथे आता बागेपेक्षा दिवेच अधिक. रस्त्यांवर रात्रभर लख्ख उजेड असतो, आणि उन्हाळ्यात घराघरांतून कूलरची घरघर चालते. ह्याच वस्तीजवळून उमरेडकडे जाणारा रस्ता धरला, की तास-दीड तासात अशी शिवारे लागतात की जेथे शेतकरी रात्री बॅटरी हाती घेऊन वाफ्यात उभा असतो. कोराडी, खापरखेडा व चंद्रपूर ही मोठी वीजकेंद्रे विदर्भाच्याच भूमीत आहेत. त्यांची राख विदर्भाच्याच शिवारांवर पडते. शहराने आधी पोटभर जेवावे व उरलेले शिवाराने मध्यरात्री उठून खावे, असा हा व्यवहार आहे. आम्ही शहरात राहत असल्याने हे अधिकच स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

रात्रीचे ओलीत म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. मोटर सुरू करून घरी येऊन निजावे, असे हे काम नसते. दांडाने पाणी ज्या वाफ्यात गेले तो भरला की लगेच दांड फोडून ते पुढच्या वाफ्यात घ्यावे लागते. दोन डुलक्या लागल्या की पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या शेतात जाते. मध्येच लाईट जाते, मग ती येईपर्यंत बांधावर बसून राहावे लागते. पौष महिन्यात पाय गुडघाभर चिखलात आणि वरून बोचरे वारे. नागपूरची थंडी थोडी असते असे परक्यास वाटते; परंतु २०१८ च्या डिसेंबर महिन्यात २९ तारखेस येथील पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्रीही ज्याची पाळी आली, तो शेतावर गेलाच असेल.

आता ह्या जागरणाने देहात काय बिघडते ते पाहू. माणसाच्या शरीरात एक घड्याळ आहे, हे केवळ बोलण्यापुरते नाही. १७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप काळोखात ठेवून पाहिले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत राहिली. म्हणजे वेळेचे भान त्या रोपाच्या आतच होते. पुढे केळ्याभोवती घोंघावणाऱ्या चिलटांत हे घड्याळ चालवणारे जनुक शोधून त्याचे कार्य उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग ह्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांस २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पतीत, चिलटात व माणसात ही व्यवस्था थोड्याबहुत फरकाने आढळते. माणसाच्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जेथे एकमेकींस छेदतात त्याच्या लगत वर, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा पेशींचा एक पुंजका आहे. तोच ह्या देहाचा पाटील होय. यकृत, जठर, हृदय, स्नायू ह्या सर्वांस तो वेळ ठरवून देतो.

डोळ्यांच्या पडद्यात उजेड मोजणाऱ्या काही विशेष पेशी असल्याचे २००२ साली सिद्ध झाले. त्या दृश्य पाहण्यासाठी नसून, दिवस आहे की रात्र एवढी वर्दी ह्या पाटलास देण्यासाठी आहेत. अंधार पडला की मेंदूतील एक लहानशी ग्रंथी मेलाटोनिन नावाचा रस रक्तात सोडते व देह झोपेच्या तयारीस लागतो. डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की हा रस आटतो. पहाटेच्या सुमारास शरीराची उष्णता सर्वांत खाली उतरते आणि त्याच वेळी सावधपणाही सर्वांत कमी असतो. उजाडण्याच्या आधीपासून दुसरे रस वाढू लागतात, ते माणसास उठण्यास व कामास सिद्ध करतात. रात्री पोटाची व साखर पचवण्याची शक्ती मंद असते. म्हणून मध्यरात्री घेतलेला गोड चहा व खाल्लेली भाकर दिवसाप्रमाणे अंगी लागत नाही.

हे घड्याळ पुढे-मागे सरकते, परंतु सावकाश. साधारणतः दिवसाला एखाद्या तासाने. जो रखवालदार वर्षानुवर्षे रात्रीच जागतो, त्याचा देह थोडाफार तरी तडजोड करू शकतो. आपल्या शेतकऱ्याची पाळी मात्र काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. देह रात्रीच्या कामास सरावू लागतो न लागतो तोच पाळी फिरते, आणि तो सर्व सराव वाया जातो. शिवाय रात्री जागल्यावर सकाळी त्यास कोण निजू देतो? गाईचे दूध काढावयाचे असते, मजूर वाट पाहत असतात, बाजारात माल न्यावयाचा असतो. परिणामी, दिवसाची मजुरी तशीच राहून तिच्यावर रात्रीची मजुरी चढते.

झोप कमी पडल्याने काय होते ह्याचे मोजमाप झाले आहे. प्रौढ माणसास रात्री किमान सात तास झोप हवी. शिकागो विद्यापीठात ११ निरोगी तरुणांस सहा रात्री केवळ चार-चार तास निजू देऊन तपासले, तेव्हा त्यांची रक्तातील साखर आवरण्याची शक्ती स्पष्टपणे घटलेली दिसली. हा प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी दाखवले, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात व डोळे, मद्य पिऊन वाहन हाकण्यास जेथे बंदी आहे तितके मद्य घेतलेल्या माणसाप्रमाणे चुकू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर रात्रपाळीचे काम बहुधा कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष २००७ साली काढला व २०१९ साली पुन्हा तोच कायम केला. हे निष्कर्ष बव्हंशी कारखान्यांतील व रुग्णालयांतील रात्रपाळीवाल्यांवरून काढलेले आहेत. परंतु शेतकऱ्याचा देह काही निराळ्या मातीचा घडलेला नाही.

ह्यावर काही आक्षेप येतील, त्यांचा विचार करणे न्याय्य होईल. पहिला आक्षेप असा, की आपले बापजादेही जागलीस जात होते. माळ्यावर बसून रानडुकरे हाकलीत होते. त्यांस काय झाले? जागल खरीच, व ती आजही चुकलेली नाही. परंतु जागलीत शेकोटी असे, दोघेतिघे आळीपाळीने डुलकी घेत, आणि पीक घरी आले की ती संपे. ओलीताच्या रात्री डुलकीस वाव नसतो. शिवाय बापजाद्यांस काही झाले नाही असे आपण म्हणतो, तेव्हा जे वाचले त्यांच्याच बळावर म्हणतो.

दुसरा आक्षेप असा, की रात्री पाणी दिल्याने बाष्पीभवन कमी होऊन पाणी वाचते. उन्हाळ्यात हे खरे आहे. परंतु तो लाभ सायंकाळी व भल्या सकाळी पाणी दिल्यानेही बऱ्याच अंशी मिळतो. आणि रब्बीच्या थंडीत तो मुळातच थोडा असतो. तिसरा आक्षेप, की सवयीने सर्व जमते. सवयीने जागता येते हे खरे. परंतु जागण्यामुळे देहात होणारी झीज सवयीने थांबत नाही.

झोपेखेरीज दुसरेही भय आहे. मण्यार ही निशाचर आहे आणि घोणसही अंधारात अधिक हिंडते. इसवी सन २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि त्यांत बहुसंख्य खेड्यांतील होती. चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर जिल्ह्यांच्या जंगलालगतच्या गावांत वाघाचे व बिबट्याचे भय आहे ते वेगळेच. पेंगुळलेल्या माणसास साप दिसत नाही, स्टार्टरची उघडी तारही दिसत नाही. आणि जो रात्रभर जागला त्याने सकाळी फवारणीचा पंप पाठीवर घेणे म्हणजे तर संकटास बोलावणे होय. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. विष हाताळताना डोके जागेवर असावे लागते.

येथे जमीनधारक वाचकांस एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आपणांपैकी अनेक जण रात्री स्वतः जात नसतील. आपला सालगडी जातो. त्याच्या झोपेचा हिशेब आपल्या वहीत नसतो. रात्री जागलेल्या गड्याने सकाळी सहास पुन्हा हजर राहावे अशी अपेक्षा जो धनी करतो, त्याने महावितरणास दोष देण्यापूर्वी स्वतःकडे पाहावे. आपल्या देहास जो न्याय मागावयाचा, तो गड्याच्या देहास आधी द्यावयास हवा.

तसेच, सर्व दोष तारेवर ढकलूनही चालणार नाही. वीज दिवसाची असते त्या रात्री तरी आपण निजतो काय? रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत अंथरुणात मोबाईलच्या पडद्याकडे टक लावून पाहणारे तरुण आता खेड्यातही घरोघर आहेत. त्या पडद्याच्या निळसर उजेडाने डोळ्यांतील त्या वर्दी देणाऱ्या पेशी फसतात आणि मेंदूस अजून दिवस असल्याची खबर जाते. त्याहून अधिक नुकसान पाहण्याच्या त्या नादानेच होते, कारण निजण्याची वेळ टळून जाते आणि उठण्याची वेळ तर गुरे ठरवतात. जी विश्रांती कोणी हिरावली नाही, ती तरी आपण होऊन गमावू नये.

आता उपायांकडे वळू. जे आज आपल्या हाती आहे ते प्रथम. ज्याची रात्रीची पाळी असेल त्याने सायंकाळी लवकर जेवून तास-दीड तास निजून घ्यावे, व परतल्यावर अंधाऱ्या खोलीत सलग चार तास तरी निजावे. त्या सकाळी त्यास ट्रॅक्टर, फवारणी व विळा-कोयत्याचे काम देऊ नये. घरातील लोकांनी ही झोप आळस न समजता कामाचाच भाग समजावी. रात्री शेतात जाताना गुडघ्यापर्यंतचे बूट व चांगली बॅटरी असावी, आणि एकट्याने जाऊ नये. शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून पाळी लावली तर प्रत्येकाच्या वाट्यास येणाऱ्या रात्री कमी होतील.

दुसरा उपाय खर्चाचा, पण टिकाऊ. उंचवट्यावर हौद बांधून किंवा शेततळे अस्तरून रात्रीच्या विजेने ते भरून घ्यावे, व दिवसा उताराने पाणी सोडावे. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांस तर वाफे वळवण्याचे कामच उरत नाही. संत्र्याच्या बागेस हे विशेष सोयीचे आहे. वीज आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच पुष्कळांनी बसवले आहेत. परंतु त्यामुळे एका डीपीवरचे सर्व पंप एकदम सुरू होऊन डीपी जळण्याचा धोका असतो. म्हणून एका डीपीवरील शेतकऱ्यांनी एकत्र बसून कोणाचा पंप केव्हा सुरू व्हावा हे ठरवून घ्यावे.

तिसरा व खरा उपाय म्हणजे दिवसाची वीज. तिची मागणी नवी नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत कोल्हापूर येथे शेतकऱ्यांनी शेतीला दिवसा दहा तास वीज मिळावी म्हणून धरणे धरले होते. सूर्य दिवसा तळपतो व पिकास पाणीही दिवसा देता येते. हा योग साधण्यासाठी शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली व २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती आणली. त्यात उपकेंद्राजवळची पडीक जमीन सौर प्रकल्पास भाड्याने दिल्यास हेक्टरी वर्षास १ लाख २५ हजार रुपये भाडे व त्यात दरसाल तीन टक्के वाढ ठरवलेली आहे. ज्यांस स्वतंत्र सौर पंप हवा, त्यांच्यासाठी २०२४ पासूनच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास दहा टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास पाच टक्के रक्कम भरावी लागते. सौर पंप ढगाळ दिवशी मंदावतो आणि फार खोल विहिरीस पुरा पडत नाही, ह्या अडचणी खऱ्या आहेत. त्या लक्षात घेऊनच निवड करावी.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल २०२४ पासून शासन भरते. ही सवलत मोठी आहे. परंतु तिच्यामुळे आपण रात्रीच्या विजेविषयी तक्रार करण्यास कचरू लागलो आहोत की काय, अशी आम्हांस शंका येते. फुकटाच्या गाईचे दात मोजू नयेत, असे कोणी म्हणेल. पण ही गाय मध्यरात्रीच दूध देत असेल, तर तिची किंमत कोणीतरी भरतच असतो. बिल शून्य आले तरी रात्रीचे बिल देह भरतो, आणि ती थकबाकी पन्नाशीनंतर व्याजासह वसूल होते.

म्हणून आमची आपल्या संस्थेस नम्र सूचना अशी, की येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा. प्रत्येक गावच्या सभासदांनी आपल्या वाहिनीस वर्षात किती रात्री वीज मिळाली, किती जणांस जागावे लागले, आणि त्या रात्रींत सर्पदंश, पडझड वा विजेचा धक्का असे किती अपघात झाले, ह्याची साधी वही ठेवावी. ज्या गावी उपकेंद्राजवळ पडीक जमीन असेल, तेथील ग्रामसभेचा ठराव करून ती सौर वाहिनीसाठी सुचवावी. कचेरीत आम्ही आयुष्य घालवले आहे, त्यावरून सांगतो: तोंडी गाऱ्हाणे दारातच विरते, परंतु तारीख-वार आकडे मांडलेला अर्ज कोणासही सहज बाजूस सारता येत नाही. ओलीताचा पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वी ही वही उघडली जावी, एवढीच आमची विनंती आहे.